वाघूळ

आमच्या हॉलमध्ये एक जनावर छताला उलटं लटकलेलं असतं. दिवसभर निपचित. रात्री उठवलं तरी झटकन उठत नाही. आधी घसा खाकरल्यासारखा आवाज, मग पोटातल्या पंख्याची घरघर, आणि अर्ध्या-एक मिनिटाने त्याचा एकुलता एक डोळा हळूहळू उजळतो. त्या डोळ्यात आपण पाहायचं नाही. तो जिकडे पाहतो तिकडे पाहायचं. उजेड त्याला सोसत नाही. जवळ हात नेला तर एका कुशीतून इस्त्रीसारखा गरम वारा लागतो.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं: वाघूळ. खोक्यावर छापलेलं कंपनीचं नाव आणि मॉडेलचा लांबलचक नंबर त्या नावापुढे गळून पडला. आता आमच्याकडे कोणी प्रोजेक्टर म्हणत नाही. “वाघूळ उठवताय का? मग मी आधी कुकर लावून घेते, नंतर मला काही दिसणार नाही,” असं स्वयंपाकघरातून ऐकू येतं.

वाघूळ घरात येण्याआधी सहा महिने मी आकड्यांच्या मागे धावत होते. टीव्ही घेताना माणूस इंच विचारतो, किंमत विचारतो आणि मोकळा होतो. टीव्ही आपला पडदा बरोबर घेऊन येतो, आपला काळा रंगही. प्रोजेक्टर फक्त उजेड घेऊन येतो. बाकीचं सगळं सासरच्यांनी करायचं. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मला एकच शब्द माहीत होता: लुमेन्स. जितके जास्त तितकं यंत्र चांगलं, असा माझा हिशेब.

त्या हिशेबाने पहिल्यांदा जे घरी आलं ते खेळण्यातल्या रेडिओसारखं दिसणारं एक पांढरं डबडं होतं. अंगावर ठसठशीत ‘5000 लुमेन्स’ आणि खाली ‘1080पी सपोर्ट’. लावलं, तर पडद्यावर सगळी माणसं ताकात बुडवून काढल्यासारखी. नंतर खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडलं की आतलं पॅनेल 800 बाय 480 चं आहे. ‘सपोर्ट’ या शब्दाचा अर्थ तेव्हा कळला. 1080पी चित्राचे 20 लाख 73 हजार 600 ठिपके ते आत घेत होतं खरं, पण दाखवत होतं 3 लाख 84 हजारांत. सकाळच्या फास्ट लोकलची गर्दी एका रिक्षात कोंबली तर ती मावणार कशी आणि त्यातला एखादा चेहरा ओळखू येणार कसा? तेव्हापासून दुकानात गेले की पहिला प्रश्न ठरला: “नेटिव्ह किती?” दुकानदाराने उत्तराआधी खोकं फिरवून पाहिलं की मी पर्स उचलत असे.

लुमेन्सचंही तसंच. खरं मोजमाप कष्टाचं आहे. पडद्याचे नऊ भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर पडलेला उजेड मोजायचा, सरासरी काढायची, ती क्षेत्रफळाने गुणायची. याला एएनएसआय लुमेन्स म्हणतात. खोक्यावर नुसतं ‘लुमेन्स’ असेल तर तो आकडा कोणी, कुठे, कशाने मोजला हे विचारायची सोय नसते.

मग एका रविवारी मी कागद-पेन घेऊन बसले. फिल्मच्या काळात सिनेमागृहाच्या पडद्यासाठी ठरलेलं उजेडाचं माप होतं 16 फूट-लॅम्बर्ट. आम्हाला हवा होता शंभर इंची पडदा, म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट एक इंच उंच, जवळपास 30 चौरस फूट. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी 16 ला 30 ने गुणायचं. आले 480. मी पुन्हा गुणलं. पुन्हा 480. पूर्ण अंधार असेल तर पाचशे लुमेन्सच्या आत सिनेमागृहाइतका उजेड होतो! मग हे तीन-तीन, पाच-पाच हजार कशासाठी? काही दिवा म्हातारा झाल्यावर कामी यावेत म्हणून, काही रंग नीट लावताना खर्ची पडतात म्हणून, आणि बाकीचे आपल्याच ट्यूबलाइटशी भांडायला.

हिशेब पटला, आता जात निवडायची होती. दादरच्या एका दुकानात मागच्या काळोख्या खोलीत तीन यंत्रं मांडली होती. पहिलं डीएलपी. याची करामत ऐकून मी हरखले. नखाएवढ्या चिपवर लाखो आरसे, एकेक केसाच्या जाडीहून कितीतरी लहान, आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा मान हलवतो. भिंगाकडे वळला की तो ठिपका उजळ, बाजूला वळला की काळा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये ही चिप घडवली. पुढे चित्रपटगृहांतून फिल्मची रिळं गेली त्यात या आरशांचा मोठा हात होता, आणि त्याबद्दल 2015 मध्ये हॉर्नबेकना ऑस्करचा पुतळा मिळाला. घरगुती डीएलपीत अशी एकच चिप असते, त्यामुळे ती लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक दाखवते. समोर रंगीत काचांचं चाक गरगर फिरत असतं आणि ते रंग एकत्र कालवण्याचं काम आपल्या डोळ्यांवर सोडलेलं असतं.

माझ्या डोळ्यांनी ते बिनबोभाट केलं. नवरा मात्र दोन मिनिटांत अस्वस्थ. “त्या अक्षरांच्या कडेला लाल-हिरवं-निळं काय चमकतंय?” मला काही दिसेना. दुकानदार समजुतीने हसला. काहींना दिसतं, काहींना नाही, म्हणाला. नजर पडद्यावर या टोकाकडून त्या टोकाला गेली की रंग सुटे पडतात आणि काही डोळे ते पकडतात. लग्नाला सतरा वर्षं झाली. इतके दिवस आम्ही दोघं एकच सिनेमा पाहतोय अशी माझी समजूत होती.

दुसरं एलकॉस जातीचं. त्याचा काळा रंग पाहून दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गप्प झाली. विहिरीत वाकून पाहावं तसा काळा. सोनी आणि जेव्हीसी या घराण्यांनी ही विद्या वेगवेगळ्या नावांनी जोपासली आहे. किंमत ऐकून आम्हीही गप्प झालो. तेवढ्यात एक सेकंडहँड गाडी आली असती.

तिसरं थ्री-एलसीडी. यात दिव्याचा पांढरा उजेड खास काचांनी लाल, हिरवा, निळा असा फाडतात, तीन वेगळ्या पॅनेलांतून नेतात आणि लोलकात पुन्हा शिवतात. तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर येतात, म्हणून कोणालाच इंद्रधनुष्य दिसत नाही. दोष म्हणजे काळा तितकासा काळा नाही, राखेच्या अंगाचा. एकाला दिसतं आणि दुसरीला नाही असं काही घरात नको होतं. जे दिसेल ते दोघांना सारखं दिसावं, मग काळा थोडा फिका का असेना, अशा विचाराने आम्ही वाघूळ घरी आणलं.

इतका हिशेब करूनही त्यात पंखा धरायचा राहिला होता.

आमचा कल्याणचा हॉल पंधरा फूट लांब. यंत्राच्या पुस्तकात थ्रो रेशो दिलेला असतो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी. आमचा दीड. सव्वासातला दीडने गुणलं की अकरा फुटांच्या जरा अलीकडे खिळा ठोकायचा. मी छतावर खडूने फुली मारून ठेवली होती. वायरमन आला, फुली पाहिली, मग हॉलच्या बरोबर मध्यावर लटकणारा पंखा पाहिला आणि स्टुलावर बसला.

“ताई, सिनेमा बघताना घाम गाळणार का?”

फुली पंख्याच्या मागे साडेतीन फूट होती. वाघूळ छताला चिकटवलं असतं तर त्याच्या नजरेसमोर पात्यांचा भोवरा, आणि पडद्यावर प्रत्येक नायकाच्या तोंडावरून सावल्यांची गिरणी. पंखा काढावा तर कल्याणचा मे महिना. शेवटी दोन फुटांचा पाइप लागला. पात्यांच्या खालून नजर सरळ पडद्यावर जाईल इतकं वाघूळ खाली आलं. नुसती मान वाकवून काम भागलं नसतं का, असं मी विचारलं होतं. तर तिरक्या नजरेने चित्र पतंगासारखं तिरपं होतं. ते सरळ करायला कीस्टोन नावाची सोय असते, पण ती पॅनेलच्या कडेचे ठिपके वाया घालवून चित्र आवळते. फुकटचं दिसतं, पण त्यात चित्राची कड जाते. वायरमनला कीस्टोन हा शब्द माहीत नव्हता. त्याने पाणसळ लावली, बुडबुडा मध्यावर आणला आणि म्हणाला, “आता हे जन्मभर सरळ बघंल.”

पहिल्या रात्री बटण दाबलं आणि पडद्यावर माणसं डोक्यावर चालू लागली. यंत्र उलटं टांगलंय हे त्याला सांगायचं राहिलं होतं. मी घाईघाईने रिमोटवर काहीतरी दाबलं, तर माणसं पायांवर आली पण अक्षरं आरशातल्यासारखी. मी पुस्तक शोधायला धावले. सासूबाई मात्र खुर्चीत निवांत.

“असू दे गं. मला चालतंय.”

गिरगावात त्यांच्या लहानपणी गणपतीत रस्त्यावर दोन बांबूंना पांढरं कापड बांधून सिनेमा दाखवत. पुढची जागा दुपारपासून चटया टाकून अडवलेली. मग या बहिणी कापडाच्या पलीकडे जाऊन बसत. “मागच्या अंगाला सगळे हिरो डावरे. पाटी वाचता यायची नाही. पण जागा ऐसपैस मिळायची आणि गाणी काही उलटी ऐकू येत नाहीत.” मेन्यूमध्ये ‘फ्रंट सीलिंग’ सापडलं आणि जग सरळ झालं. सासूबाईंचा चेहरा किंचित उतरल्याचं मला वाटलं.

इथपर्यंत सगळं हौसेचं होतं. खरी कुरबुर सुरू झाली ती तिन्हीसांजेवरून.

वाघळाचा एक स्वभाव मला विकत घेताना कोणी नीट समजावला नव्हता. त्याला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावर वकिलाचा काळा कोट दिसतो, तो कोट म्हणजे उजेड न पडलेला पांढरा पडदा. सिनेमातली रात्र, केसांची वेणी, काजळ, मांजर, सगळं म्हणजे आपल्याच हॉलचा काळोख, यंत्राने न शिवता सोडलेला. भोवतालचा भाग उजळला की डोळा त्या तुकड्याला काळं मानतो. म्हणजे हॉलमध्ये जितका अंधार, तितकाच सिनेमात काळा. यंत्र कितीही महागाचं आणा, त्याखाली काही जायचं नाही. लुमेन्स वाढवले तर पांढरा वाढतो, काळा वाढत नाही.

आणि घरात अंधार करायचा कधी? दिवेलागणीला. ज्या वेळी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावतात, त्या वेळी मी ट्यूब घालवत होते, खिडक्यांचे जाड पडदे ओढत होते. एक पडदा दिसावा म्हणून चार पडदे ओढायचे. सासूबाईंचं देवघर हॉलच्याच मागच्या कोपऱ्यात, पडद्यापासून बारा फुटांवर. तिथे समई.

“आई, समई तासभर...” मी एकदा अर्धंच वाक्य म्हणाले.

“तिन्हीसांजेला दिवा मालवत नाहीत,” त्यांनी ते पूर्ण केलं.

वाद झाला नाही. आमच्याकडे वाद होत नाहीत, भांडी जरा जोरात ठेवली जातात. त्या रात्री आम्ही ‘जगाच्या पाठीवर’ लावला होता. जुना कृष्णधवल बोलपट, चित्र जवळपास चौकोनी, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या उभ्या पट्ट्या. त्या काळ्या असायला हव्यात. होत्या राखाडी, दोन बाजूंना दोन मळक्या उशा उभ्या केल्यासारख्या. मी पट्ट्यांकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, ही समई. सासूबाई सिनेमा पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी समेटाच्या सुरात मी त्यांना कल्याणची एक गोष्ट सांगितली. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच्या चार वर्षं आधी, 1892 मध्ये, आमच्याच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले होते. नाव ठेवलं ‘शांबरिक खरोलिका’. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्यापुढे धरायची, एकीमागून एक सरकवायची आणि पडद्यावर चित्र हललंसं भासवायचं. शंबर हा मायावी असुर, त्याच्यावरून शांबरिक. म्हणजे वाघळाचं मूळ गाव पाहिलं तर कल्याणच म्हणायला हरकत नाही.

सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकलं. मग विचारलं, “आणि त्या पटवर्धनांच्या घरी तिन्हीसांजेला काय करायचे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाघूळ मात्र या सगळ्यापासून अलिप्त. त्याच्या स्वतःच्या खोडी वेगळ्या. धूळ त्याला सहन होत नाही. फिल्टर दोन महिने झाडला नाही की अंगावरचा केशरी दिवा मिचकावत राहतं, आणि तरी दुर्लक्ष केलं तर ऐन रंगात डोळा मिटून घेतं. उन्हाळ्यात त्याची घरघर वाढते आणि हळू आवाजातले संवाद ती गिळते. मग आम्ही त्याला इको मोडवर टाकतो, उजेड थोडा कमी, श्वास थोडा शांत. संध्याकाळच्या उदबत्तीचा धूर हॉलमध्ये रेंगाळत असेल तर त्याची नजर डोळ्यांनी दिसते. डोक्यावरून पडद्यापर्यंत गेलेली उजेडाची घसरगुंडी, तिच्यात धुराची वेटोळी रंग बदलत असतात. अशा वेळी सिनेमा सोडून वर पाहत राहावंसं वाटतं.

सगळ्यात मोठी भीती वीज जाण्याची. त्याच्या पोटातला दिवा अक्राळविक्राळ प्रकरण आहे. मोहरीएवढ्या फटीत ठिणगी पेटलेली, भोवती पाऱ्याची वाफ, दाब हवेच्या दोनशेपट. बटण बंद केलं तरी आतला पंखा काही वेळ वारा घालत राहतो, दिवा निवेपर्यंत. वीज एकदम गेली की दिवाही विझतो आणि पंखाही, आणि तापलेलं पोट तसंच. पहिल्या पावसाळ्यात दोनदा असं झालं, तेव्हा आम्ही त्याच्यासाठी छोटा यूपीएस आणला. घरातल्या माणसांनी काळोखात मेणबत्ती शोधायची आणि वाघळाने पाच मिनिटं पंख्याखाली बसायचं, असा न्याय.

म्हातारपणही त्याचं लबाड. दिव्याला चार हजार तासांचं आयुष्य लिहिलेलं. रोज दोन तास धरले तर साडेपाच वर्षं. पण ते आयुष्य म्हणजे दिवा फुटेपर्यंतचं नव्हे. उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं. रोज थोडं थोडं मंदावतं, आणि रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. लेझरचा दिवा असलेली यंत्रं वीस हजार तास सांगतात. आमच्या लेकीला तेच हवं होतं. मी म्हटलं, आपण तरी कुठे लेझरवर चालतो.

समईचा प्रश्न तसाच होता. एका रात्री सगळे झोपल्यावर मी पुन्हा कागद-पेन घेतलं. समईवर खटला चालवायचाच, तर आकड्यांनी चालवू.

पडदा पावणेतीन चौरस मीटरचा. त्यावर कमीत कमी 480 लुमेन्स, म्हणजे पूर्ण पांढऱ्या जागी सुमारे 175 लक्स. आता यंत्राचा काळा. त्याला काळा टाकता येत नाही, पण गळती मात्र असते. पॅनेल पूर्ण मिटलं तरी दिव्याचा थोडा उजेड झिरपतोच. पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण हजारास एक धरलं, तर मिटल्या डोळ्यांनीही वाघूळ पडद्यावर 0.17 लक्स सांडत असतं. आणि समई? एक वात म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. बारा फुटांवर त्याचे 0.07 लक्स.

मी पेन खाली ठेवलं. वाघूळ स्वतःच समईच्या दुपटीहून जास्त उजेड त्या काळ्यात ओतत होतं, आणि मी रोज संध्याकाळी देवघराकडे डोळे वटारत होते. आणि ही दोन्ही मिळून जेवढं बिघडवत होती त्याहून अधिक आमच्या क्रीम रंगाच्या भिंती. पडद्यावरचा उजेड त्यांच्यावर जाऊन आपटत होता आणि परत पडद्यावर येत होता.

रंग काढायचं ठरलं. काळा म्हटल्याबरोबर सासूबाईंनी हात वर केला. “काळं संक्रांतीला. भिंतीला नाही.” तडजोड गडद राखाडीवर झाली, बिनचमकीचा, पडद्याच्या आजूबाजूला आणि वर छताला चार-चार फूट. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, नक्की ना?

भिंती वाळल्या त्या रात्री मी पुन्हा ‘जगाच्या पाठीवर’ लावला. ट्यूब घालवली. समईला कोणी हात लावला नाही. सिनेमा सुरू होण्याआधी काही क्षण पडदा नुसता काळा होता, आणि आता तो खरंच बराच काळा होता. डोळे त्याला सरावल्यावर मला त्यात दोन फिकट उजेड वेगळे दिसू लागले. एक सगळीकडे सारखा, मख्ख, हलत नव्हता. दुसरा त्याच्याहून मंद, आणि वारा आला की किंचित हलत होता.

“हे काय हलतंय?” नवऱ्याने विचारलं. त्याचे डोळे तीक्ष्णच.

मी म्हटलं, “काही नाही. यंत्राचं नाहीये ते.”